आकाशी रंगाखालची चीर

मी एक जुनी मोटारसायकल आहे. वय मात्र विचारू नका. माझ्या वयाबद्दल एकदा इतकं धडधडीत खोटं बोललं गेलं आहे की आता खरं सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवेल असं मला वाटत नाही. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, लोखंडाला कसला आलाय धक्का? मलाही आधी तसंच वाटायचं. पण माणसांच्या सहवासात मला जे धक्के बसले, तसे रस्त्यावरच्या कुठल्याही खड्ड्याने दिले नाहीत. तेच आज सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कोणत्या, ते सांगता येत नाही, कारण टाकीवरचं नाव पुढे कुणीतरी घासून काढलं. नळ्या तापवून वाकवल्या, जोडावर जोड दिले आणि माझा सांगाडा उभा राहिला. तिथल्या एका कामगाराने सगळ्यात जास्त वेळ माझ्या मानेला दिला. मान म्हणजे हँडलच्या खालचा तो जाड जोड, जिथे पुढच्या चाकाचा चिमटा सांगाड्याला येऊन मिळतो. प्रत्येक खड्डा, प्रत्येक ब्रेक, चालवणाऱ्याचं सगळं ओझं शेवटी त्या जोडावर येतं. कामगाराने हातोडीने टकटक करून तिथे कान लावला आणि समाधानाने मान डोलावली. तेव्हा मला माझ्या मानेचा फार अभिमान वाटला.

चौसष्ट साली मी नागपूरला आले. तिथल्या महाल भागातल्या कृष्णकांत नावाच्या गृहस्थांनी माझ्यासाठी नाव नोंदवून फार वाट पाहिली होती. ते सरकारी कचेरीत कारकून होते. रविवारी सकाळी अंगणात पाट टाकून ते माझ्यापुढे बसायचे आणि जुन्या धोतराच्या फडक्याने चाकाची एकेक तार पुसायचे. त्यांच्या पत्नी, यमुताई, मागे एका बाजूला पाय सोडून बसायच्या आणि सीताबर्डीला जाईपर्यंत "हळू चालवा" एवढंच म्हणत राहायच्या. शेजारी कौतुक करायचे. मी धूर कमी सोडते, मी एका लाथेत सुरू होते, मी कधी वाटेत बसत नाही, असं माझ्यादेखत बोललं जायचं आणि मी ऐकायची. ते दिवस सुखाचे होते.

मग त्यांचा मुलगा अनंत मोठा झाला. त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तो मला घेऊन कामठी रस्त्याने परत येत होता. धुकं उतरलं होतं. एका मोरीचा दगडी कठडा आम्हाला दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. पुढचं चाक कठड्यावर आदळलं, माझ्या मानेत काहीतरी कडाडलं आणि अनंत माझ्यावरून उडाला. मी आडवी पडून त्याच्याकडे पाहत होते. चाक अजून फिरत होतं आणि तो उठत नव्हता. तो उठलाच नाही.

तेराव्यानंतर कृष्णकांतांनी जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्या गिरिधरला बोलावलं. मला ओसरीच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवलं होतं, कारण यमुताईंना मी नजरेसमोर नको होते. कृष्णकांतांनी पोतं काढलं नाही. ते म्हणाले, "हिची मान गेली आहे. पैसे नकोत मला. फक्त एक करा, हिचे तुकडे करा. परत कुणाच्या दारात ही उभी राहता कामा नये."

गिरिधरने छातीवर हात ठेवला. "बाबूजी, तुमचा शब्द तो माझा शब्द. उद्याच भट्टीत."

मला वाईट वाटलं, पण ते न्यायाचं होतं. मी मनाची तयारी केली.

उद्या आला आणि मला पहिला मोठा धक्का बसला. सीताबर्डीच्या एका मागल्या गल्लीत गिरिधरचं आवार होतं. तिथे लहानू नावाचा मिस्त्री कामाला होता. गिरिधर त्याला म्हणाला, "लहानू, इंजिन एक नंबर हाय रे. भंगारात काहून घालू? मान सरळ कर, दोन टाके मार, वरून लांबी भर." लहानू खाली बसून बराच वेळ माझ्या मानेकडे बघत राहिला. "शेठ, हे धरन नाही," तो म्हणाला. गिरिधर म्हणाला, "दुकानातून बाहेर जाईस्तोर धरन ना?" आणि हसला.

मित्रांनो, मी थिजून गेले. लहानूने मान ठोकून सरळ केली, झाळकामाचे दोन टाके घातले, वर लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, थापली आणि घासून गुळगुळीत केली. टाकीवरचं नाव खरवडलं. मैल मोजणाऱ्या काट्याचं पोट उघडून आकडे मागे फिरवले, म्हणजे माझं अर्धं आयुष्य पुसून टाकलं. महालात मी काळी होते. इथे मला आकाशी रंग दिला, कारण गिरिधरकडे कुठल्याशा दवाखान्याच्या दारं-खिडक्यांतून उरलेला तो डबा पडून होता. आरशासारखी चकाकत मी दुकानाच्या तोंडाशी उभी राहिले. येणारे-जाणारे म्हणायचे, वा, काय सांभाळलीय गाडी! माझ्या आत मात्र ती चीर तशीच होती. वारा आला तरी मला ती जाणवायची.

पेट्रोल महागलं होतं. ज्याला त्याला आपली गाडी विकायची होती, त्यामुळे गिरिधरच्या आवारात जुन्या गाड्यांची दाटी झाली होती. अशात एका दुपारी पारशिवनीहून बाप-लेक आले. बापाचं नाव धोंडबा. त्याचा बैलगाडीने माल वाहण्याचा धंदा होता. छप्पन साली दीक्षाभूमीवर जाऊन दीक्षा घेतलेलं ते घर. मुलगी कौसल्या, पारशिवनीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. पांढरं पातळ, हातात छत्री, डोळे चौकस.

"या मामाजी, या," गिरिधर म्हणाला. "पोरासाठी पाहता काय?"

"पोरगा नाही गा," धोंडबा म्हणाला. "हे पोरगी चालवन."

गिरिधरच्या हातातली चहाची बशी कलंडली. खरं सांगते, मीसुद्धा थक्क झाले. चौऱ्याहत्तर साल होतं, बायका लुना चालवू लागल्या होत्या, पण मोटारसायकल? कौसल्याने शांतपणे सांगितलं, "पेंचकडची गावं हायेत. एस. टी. जात नाही. सायकलनं गेलं तं बाळंतपणाले पोचतच नाही मी. पोळ्यानंतर डॉक्टरसाहेब ते गावं मलेच देऊन राहिले, गाडी असली तं."

मग तिने जे केलं ते पाहून मला तिचा हेवा वाटला. एरवी पहिल्यांदा गाडी घेणारे लोक रंग पाहतात आणि आवाज ऐकतात. ही आधी एका धिप्पाड मोटारसायकलीजवळ गेली. बसून पाहिलं, तर पायाची नुसती बोटं टेकली. "पडली तं उचलन कोन? मलेच उचला लागन," म्हणून ती उतरली. मग स्कूटर पाहिली. चाकं छोटी, पेंचच्या चिखलात रुतून बसतील, म्हणून तीही सोडली. मग माझ्याकडे आली. बसली. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

तिने ब्रेक दाबून पाहिले, साखळी ताणून पाहिली, दिवा लावून पाहिला. सुटे भाग मिळतात का, पारशिवनीत दुरुस्त कोण करेल, एका बाटली पेट्रोलमध्ये किती मैल जाते, सगळं विचारलं. इंजिनला हात लावून म्हणाली, "गरम काहून हाय?" ती गल्लीच्या तोंडाशी दिसताच गिरिधरने मला सुरू करून ठेवलं होतं, म्हणजे मी रोज धावणारी गाडी वाटावी. तो म्हणाला, "आत्ताच एक गिऱ्हाईक चक्कर मारून गेलं ना, बाई."

धोंडबाची तपासणी वेगळीच चालली होती. त्याने मला पुढून, मागून, लांबून पाहिलं. साखळीच्या चक्राजवळ बसून म्हणाला, "दात तं पुरे दिसतात." मग गिरिधरला हळूच विचारलं, "मारकी तं नाही ना गा?" गिरिधर म्हणाला, "गाय समजा मामाजी, गाय." आयुष्यभर माझी तुलना विमानाशी होत आली होती. त्या दिवशी मी गाय झाले.

आता मानेकडे पाहतील, आता पाहतील, म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते. पण कौसल्याने सगळं बरोबर तपासलं आणि नेमकी एक चूक केली. ती बापाला म्हणाली, "नवा रंग दिला बाबा. म्हंजे निगा राखली असन चांगली." मला ओरडावंसं वाटलं. अगं बाई, नवा रंग दिसला की आधी विचारायचं, का दिला? पण माझा आवाज कुणाच्या तरी लाथेशिवाय निघत नाही. लहानू तोंड फिरवून पाना पुसत राहिला. तिच्या साठवलेल्या पगारात मी बसत होते. सौदा झाला.

पारशिवनीला त्यांच्या अंगणात बैलांच्या शेजारी माझी जागा ठरली. पुढे-मागे शिकाऊ चालकाची पाटी लागली. कौसल्याने आईचं नऊवारी लुगडं मागून घेतलं, कासोटा मारला आणि बाजाराच्या पटांगणावर मला चालवायला शिकू लागली. सगळं गाव पाहायला यायचं. धोंडबा मागचं कॅरिअर धरून धावायचा आणि बैलांना ओरडावं तसं मला ओरडायचा. क्लच सोडायची वेळ आली की म्हणायचा, "चाल वं माय, चाल!" थांबायच्या वेळी जीभ टाळ्याला लावून ट्टर्र करायचा. मी आधी दुखावले, मग मला त्याची सवय झाली. खरं तर मला ती दोघं फार आवडू लागली होती, आणि म्हणूनच भीती जास्त वाटत होती.

कारण चीर वाढत होती. पटांगणावर वेग नव्हता म्हणून निभत होतं. पण प्रत्येक ब्रेकला टाका उसवत होता आणि हँडल डावीकडे ओढू लागलं होतं. कौसल्याला ते कळलं. पण तिने दोष कुणाला दिला माहीत आहे? स्वतःला. घरी येऊन म्हणायची, "बाबा, मलेच येत नाही. हात सरळ राहत नाही माह्या." नवशिक्याचं हेच होतं. गाडी वाकडी गेली की त्याला वाटतं, आपण वाकडे आहोत. ती पहाटे उठून आणखी फेऱ्या मारायची, म्हणजे माझी मान आणखी फाटायची. मला काय वाटत असेल याची कल्पना करा.

आणि पटांगण संपणार होतं. पेंचकडच्या एका गावात प्रयागबाई नावाची गरोदर बाई होती. तिचं आधीचं बाळ बैलगाडीतच, वाटेत गेलं होतं. कौसल्याने तिला शब्द दिला होता, "या खेपेला तू नको येऊ. तुह्या दारात मीच येईन." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा त्या गावी निघणार होती. वाटेत नदीकडे उतरणारा मोठा उतार होता, खाली दगडी रपटा, म्हणजे पाणी वरून वाहणारा ठेंगणा पूल, आणि पाण्याला लागेपर्यंत ब्रेक दाबून धरावा लागणार. सगळं ओझं मानेवर. तो उतार आपल्याला झेपणार नाही हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि ती सांगत होती, "एकदा उतार जमला का नाही बाबा, मंग मी पक्की झाली."

पोळ्याचा आदला दिवस आला. त्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे दुखावलेले असतात, म्हणून ते ऊन तुपाने आणि हळदीने शेकतात. धोंडबाच्या घरी दीक्षेनंतर देव्हारा राहिला नव्हता, पण ही चाल राहिली होती. शेजाऱ्याने एकदा छेडलं तेव्हा तो म्हणाला होता, "देव सोडले गा आमी. बैलाचं देनं काहून सोडू?" त्याने चुलीवर तुपात हळद कालवली, पळसाच्या पानाने दोन्ही बैलांचे खांदे चोळले आणि रीतीप्रमाणे त्यांच्या कानात सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैल डोळे मिटून उभे होते.

वाटीत थोडं उरलं. धोंडबा वळला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"बाबा, लोखंड हाय ते," कौसल्या हसू लागली. "त्याले कायचं तूप?"

"उद्यापासून तुले वाहनार हाय ना वं हे? मंग खांदा शेकाले नको?" तो माझ्याभोवती फिरला. खांदा कुठे, हे त्याला कळेना. मग त्याने हँडल धरून मला दाबून पाहिलं, ओझं कुठे येतं ते पाहिलं आणि ते ऊन तूप माझ्या मानेवर चोळलं. नीट, चारही बाजूंनी, बोटांनी दाबून दाबून. मग खाली वाकून मलाही म्हणाला, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मित्रांनो, मला आजवर पेट्रोल मिळालं, ऑइल मिळालं, रविवारचं फडकं मिळालं. जेवायला कुणी बोलावलं नव्हतं.  आणि मग दुसरीच गोष्ट जाणवली. ते पातळ, गरम तूप रंगावरच्या बारीक भेगेतून आत झिरपत होतं. हळद घेऊन खोल उतरत होतं. जिथे कुणाची नजर पोचली नव्हती, तिथे ते पोचलं.

पोळ्याच्या सकाळी कौसल्या मला पुसायला बसली. तुपावर धूळ धरली होती. तिने ओल्या फडक्याने मान पुसली. आकाशी रंग पुन्हा दिसू लागला, पण त्यावर केसाएवढी एक पिवळी रेघ राहिली. तिने पुन्हा पुसलं. रेघ गेली. ती बादलीकडे वळून परत येते तो रेघ पुन्हा उमटली होती, कारण मुरलेलं तूप हळूहळू बाहेर येत होतं. तिने रेघेवरून बोट फिरवलं. रेघ मानेच्या एका बाजूने सुरू होऊन खालून वळून दुसऱ्या बाजूला गेली होती. तिची नखं रंगात रुतली. एक टवका उडाला, मग लांबीचा ढलपा निघाला, आणि आतलं काळं, फाटलेलं लोखंड उघडं पडलं.

 पुढचं चाक गुडघ्यांत धरून तिने हँडल मागे-पुढे हलवलं. चीर उघडली आणि मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

"बाबा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की बैलांना झूल घालणारा धोंडबा दुसऱ्या हाकेनंतर आला. त्याने पाहिलं. त्याच्या हातातली झूल खाली पडली. आपण कॅरिअर धरून लेकीला कशावर बसवून पळवत होतो, ते त्याला कळलं असावं. तो जमिनीवर बसला आणि सणाच्या दिवशी लहान पोरासारखा रडला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. 

त्या दोघांनी मला कन्हानच्या वाळूच्या ट्रकात घालून सीताबर्डीला नेलं. दुकानात गिरिधर होता, लहानू होता, आणि त्या दिवशी गिरिधरची मुलगी उत्तराही गल्ल्यापाशी बसलेली होती. कॉलेजात जाणारी, हसरी, गाड्यांची शौकीन. मी कधी तिला पाहिलं नव्हतं.

गिरिधरने उघडी मान पाहिली आणि पापणी न लववता म्हणाला, "रंगाले चीर गेली, बाई. पावसाचे दिवस हायेत. चालतंच."

"हे रंगाचं नाही, गिरिधरभाऊ. आतून फाटली हाय."

"बरं, वाद नको. दुसरी गाडी घेऊन जा, हे इथं सोडून जा. बात खतम."

मला वाटलं, सुटली बिचारी. कौसल्याच्या चेहऱ्यावरही क्षणभर तसंच आलं. तिला गाडी हवी होती, प्रयागबाई वाट पाहत होती, आणि दुकानदार बिनतक्रार बदलून देत होता. तिने हँडल सोडलं. मग पुन्हा पकडलं.

"हे तुमच्यापाशी ठेवली तं काय करान?" तिने विचारलं.

"माही गाडी, मी काहीही करन. तुमाले काय करा लागते?"

"परत रंगवान ना? परत कोन्या नव्या मानसाले द्यान."

"द्याले काय झालं? पक्की गाडी हाय!" गिरिधरचा आवाज चढला. गल्लीत दोन-चार माणसं थांबली होती. "उगाच माहं नाव खराब करून राहिल्या तुमी. कोनीबी चालवन हे गाडी. कोनीबी!"

आणि उत्तरा उठली. बापाची बाजू घेण्यासाठीच उठली होती ती. "त्यात काय एवढं? मी दाखवते ना चालवून," असं म्हणत ती झटकन माझ्यावर बसली आणि तिने लाथ मारली. मी सुरू झाले. मला सुरू व्हायचं नव्हतं, पण मी एका लाथेत सुरू होणारी गाडी आहे. तिने हँडल गल्लीकडे वळवलं. त्या गल्लीचं तोंड भर रहदारीच्या रस्त्यावर होतं.

"उतर!"

असा आवाज मी माणसाच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता. गिरिधर टेबलावरून, डब्यांवरून, काय हाती लागेल ते पाडत आला आणि त्याने माझं हँडल धरलं. "उतर! उतर आधी! मरशील!" त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने कौसल्यानेही हँडल धरलं होतं. चार हातांच्या मध्ये ती पोरगी पांढरीफटक बसली होती.

इंजिन बंद झालं. 

"काहून?" कौसल्याने विचारलं. ती ओरडली नाही. "पक्की हाय ना गाडी? दुसऱ्याची पोरगी चालते अन् तुमची नाही चालत, काहून?"

 उत्तरा बापाकडे पाहत होती. तिने पाहिलेला बाप आणि समोर उभा असलेला बाप, यांचा मेळ तिला लागत नव्हता. मग कोपऱ्यातून लहानू बोलला. "एक पोरगा मेला यावर, बाई. त्याच्या बापानं तुकडे करा म्हनून फुकट देल्ली होती. टाके म्याच मारले."

कौसल्याने माझ्या हँडलवरचा हात काढून घेतला. धोंडबा "अरे बाप्पा" म्हणून मागच्या भिंतीला टेकला. उत्तरा माझ्यावरून उतरली. सावकाश, जणू मी कुणाचं तरी मरणाचं अंथरूण आहे. बापाच्या अंगाला अंग लागू न देता ती दाराशी जाऊन उभी राहिली. तिने एक शब्द विचारला नाही, आणि मला वाटतं गिरिधरला तेच सोसलं नाही. त्याने लहानूच्या पेटीतून लोखंड कापायची करवत काढली. लहानू पुढे झाला, तर त्याला हाताने दूर केलं. तो माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि त्याने माझ्या मानेला पातं लावलं.

बराच वेळ लागला. कारखान्यातल्या त्या कामगाराने जोड चांगला केला होता. गिरिधरच्या हाताला फोड आले, सदरा भिजला, पण तो थांबला नाही आणि त्याला कुणी थांब म्हटलं नाही. पुढचं चाक वेगळं होऊन बाजूला पडलं तेव्हा धोंडबा पुढे आला, त्याने माझ्या टाकीवर तळवा ठेवला आणि मग उचलला. भट्टीची वाट मी पूर्वी भीतीने पाहत होते. त्या दिवशी त्या आवारात माझ्यावर प्रथमच खरं काम होत होतं, आणि मला शांत वाटलं.

कौसल्याने दुसरी गाडी निवडली. आवारातली सगळ्यात कुरूप. टाकीला पोचे, रंग उडालेला, जागोजाग गंज, पण प्रत्येक जोड उघड्या डोळ्यांनी दिसणारा. लहानूने तिला सारे जोड एकेक करून दाखवले. "रंग मारून देऊ काय?" त्याने विचारलं. "नको," ती म्हणाली, "जशी हाय तशीच द्या." ती हँडल सरळ धरून गल्लीबाहेर गेली आणि गाडी जराही डावीकडे गेली नाही. प्रयागबाईला मुलगी झाली, हे पुढे लहानूकडूनच मला कळलं.

मित्रांनो, मी आता भंगाराच्या ढिगात आहे. इथे तुटलेल्या वस्तू पुष्कळ आहेत आणि आमच्यात कुणी कुणापासून काही लपवत नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात कधी जुनी गाडी येईल. जुनी म्हणून तिला नावं ठेवू नका. तिला धुवा, पुसा, तिचं कुठे दुखतंय ते बोट फिरवून पाहा. विकायची वेळ आली तर तिची दुखापत आधी सांगा आणि मग किंमत बोला. आणि विकत घ्यायची असेल, तर विकणाऱ्याला एवढंच म्हणा, आधी तुमच्या घरच्या माणसाला बसवून दाखवा. तो हसत बाजूला झाला तर खुशाल घ्या. पण त्याचा हात हँडलकडे धावला, तर तिथूनच मागे फिरा आणि चालत घरी जा.